चाकूरला येऊन राहिले

माझा आवाज मोठा आहे, हे मला ठाऊक आहे. नायगाव तालुक्यातल्या चार गावांत मी एकोणीस वर्षं सिस्टर म्हणून सायकलीवर फिरते, अन् कानानं ठार बहिऱ्या म्हाताऱ्यांनाही माझं पहिल्या हाकेत ऐकू येतं. तेव्हा पंचफुला सिस्टर अण्णारावांच्या ओसरीवर जाऊन भांडली असं जे गावात सांगतात, ते साफ खोटं आहे. मी नेहमीच्या आवाजात बोलले. भांडले असते तर शेजारच्या गावालाही कळलं असतं.

झालं असं, की मी अण्णारावांचं बीपी बघायला गेले होते. म्हातारा पंच्याहत्तरीचा, घरचं वीस एकर रान, गावात त्यांच्या शब्दाला मान. त्यांच्या दंडाला पट्टा बांधत होते, तेवढ्यात त्यांची नात आरती दिसली. हौदावर भांडी घासत होती. मंगळवार, सकाळचे अकरा, अन् पोरगी अकरावी सायन्सला नायगावच्या कॉलेजात.

"आज सुट्टी हाय का गं?" मी विचारलं.

आरतीनं वर बघितलंच नाही. तिची आई, अण्णारावांची सून सिंधु, दारातून म्हणाली, "दिवाळीपासून घरीच हाय, सिस्टर. वढ्यावरचा पूल खचला, तवापासून बस येईना. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देनार न्हाईत म्हणून कॉलेजातून चिठ्ठी आली."

"मग सायकल हाय की! आठवीत शाळेतून भेटलेली."

सायकल कुठं होती माहीत आहे? गोठ्यात, आढ्याला उलटी टांगलेली, अन् तिच्या दांडीला कांद्याच्या माळा. माझ्या मस्तकात तिडीकच गेली.

"सात किलोमीटर पोरीनं सायकल हाणायची व्हय?" अण्णाराव म्हणाले. "मधी समदं रान हाय. काई झालं म्हंजे? तिला न्हाई झेपायचं."

"मी एकोणीस वर्षं त्याच रानातून जाऊन राहिले की. वर लसीचा डबा घेऊन."

"तुमची गोष्ट न्यारी हाय, सिस्टर. तुम्ही लोकं काटक."

मी पट्ट्यातली हवा सोडायची थांबले. "लोकं म्हंजे कोन, अण्णाराव?"

म्हाताऱ्यानं मोकळ्या हातानं पटका सारखा केला. माणूस वाईट नाही, माझ्या हातचा चहा घेतो, मला घरात बोलावतो. पण शब्द तोंडातून सहज निघाला, अन् सहज निघाला याचाच मला जास्त राग आला. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातल्या सगळ्या पोरी शाळेत घातल्या. काटकपणा काय आमच्या अंगात जन्मानं येत नाही. पाचवीपासून रोज दोन कोस चालून तो येतो. मी हे सगळं त्यांना ऐकवलं, नेहमीच्या आवाजात.

"हातात पट्टा हाय म्हणून बोलून राहिल्या तुम्ही," अण्णाराव चिडून म्हणाले. "इतकं सोपं हाय ना सायकलीचं? मग शंभर मैल जाऊन दावा एका दिवसात. अन् तोंडी चालायचं न्हाई. शिक्का पायजे."

अण्णाराव देवाला मानतात त्याहून थोडं जास्तच शिक्क्याला मानतात. भावकीच्या वाटणीत एका बिनशिक्क्याच्या कागदापायी त्यांचं आंब्याचं झाड गेलं, तेव्हापासून ते लग्नपत्रिकेवरसुद्धा शिक्का शोधतात.

"अन् दावला शिक्का तर?"

"तर पोरगी सायकलीवर कॉलेजला जाईल. माझा शबुद."

"अन् न्हाई दावला तर?"

"तर ह्या वसरीवर परत सायकलीचं नाव काढायचं न्हाई."

रागाच्या भरात मी "मंजूर" म्हणून मोकळी झाले. वरचा आकडा एकशे साठ निघाला. माझा कुणी मोजला नाही, नशीब.

तिसऱ्या दिवशी आरती धावत उपकेंद्रावर आली. तिनंच मोबाइलवर हुडकून काढलं होतं. डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी सायकलवाल्यांची एक फेरी होती. सकाळी सहाला नांदेडहून निघायचं, अर्धापूर ओलांडून तिसाव्या किलोमीटरला वळायचं, परत नांदेड, मग लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. बरोबर दोनशे किलोमीटर. वाटेत हजेरी कार्डावर शिक्के मारतात, अन् संध्याकाळी साडेसातच्या आत लातूर गाठलं तरच शेवटचा शिक्का.

"शंभर मैलाच्या वरच भरतंय, मावशी," ती म्हणाली. "आजोबाला न्हाई म्हणता यायचं न्हाई."

"वरचं त्यांना फुकट," मी म्हणाले. पण रात्री हिशोब मांडला. रोजचं वीस-पंचवीस किलोमीटर वेगळं अन् दोनशे वेगळं. आमचे मालक, धम्मानंद, जेवताना म्हणाले, "एकोणपन्नास वय हाय तुझं. गुडघ्याला ईचारलं का?" मी म्हणाले, "गुडघा माझ्या हाताखाली काम करतो." ते हसले, अन् दुसऱ्या दिवसापासून पहाटे चारला, माझ्या सरावाच्या वेळी, माझ्याबरोबर उठून चहा टाकायला लागले.

त्या रविवारी नांदेडला पस्तीसेक जण जमले होते. अंगाला चिकटलेले कपडे, सायकली अशा की करंगळीनं उचलाव्या. माझी काळी, बिनगिअरची, मागच्या कॅरियरला लसीचा निळा डबा. त्यात भाकरी, ठेचा, पंक्चरचं सामान. नावं लिहून घेणाऱ्या मंजुश्री मॅडम पुण्याहून आल्या होत्या. वागायला गोड बाई. त्यांनी माझ्या सायकलीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ताई, ह्या सायकलवर जरा कठीण आहे हो. काही हरकत नाही, जमेल तेवढं करा. अहमदपूरला तीनच्या आत शिक्का, मग थेट लातूर. आणि मध्येच कुठे राहिलात, तर मला फोन करा. म्हणजे नाव कमी करता येतं, अंधारात शोधत बसायला नको."

अण्णाराव आरतीला घेऊन आदल्या दिवशीच लातूरला पाहुण्याकडं गेले होते. शिक्का पडताना त्यांना स्वतःच्या डोळ्यानं बघायचा होता.

अर्धापूरच्या केळीच्या बागांतून जाताना थंडीनं बोटं वाकडी झाली. परत नांदेडला आले तेव्हा ऊन पडलं होतं, साठ किलोमीटर झाले होते, अन् मी खुशीत होते. चिकट कपड्यांतले दोघं-तिघं तर मी मागं टाकले. लोह्याला भाकरी खाल्ली. मनात म्हणाले, हे तर काहीच नाही, पंचफुला.

लोह्याच्या पुढं चढ सुरू झाले. एक संपला की दुसरा, दुसरा संपला की त्याच्या मागं लपलेला तिसरा. गिअर नाही म्हटल्यावर उभं राहून पायडल मारायचं. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास माझ्या मांड्या अशा धरल्या की मला रडूच आलं. खरं सांगते, आलं. अशात एक छोटा टेम्पो बाजूला हळू झाला. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, टाका सायकल मागं. अहमदपूरच्या आधी उतरवून देतो. कोन बघून राहिलं?"

माझा हात ब्रेकवर गेला होता, हे लपवत नाही. त्यानं पुढं थांबून मागचा फाळकासुद्धा खाली पाडला होता. पण मला एकदम ती आढ्याला टांगलेली सायकल दिसली. अण्णारावांना कळलं नसतं. आरतीलाही कळलं नसतं. पण रोज सकाळी ती माझ्या समोरून त्या सायकलीवर गेली असती, अन् मला ठाऊक असतं की ती सायकल मी टेम्पोत बसून खाली उतरवली.

"जा बाबा तू," मी ओरडले. "फाळका लाव, सांडल काही."

त्या चढांवर मी एक शिकले. वर माथ्याकडं बघायचंच नाही. पुढच्या चाकाखाली जेवढा डांबराचा तुकडा येतो तेवढाच आपला. तो संपला की पुढचा. अहमदपूरला शिक्का पडला तेव्हा तीनला दहा कमी होते.

तिथून पंधरा किलोमीटर गेले अन् मागचं चाक फस्स. बाभळीचा काटा. मी घाईघाईनं ट्यूब काढली, ठिगळ चिकटवलं, हवा भरली, निघाले. दोन किलोमीटरवर परत फस्स! त्याच जागी. कारण काटा टायरातच होता. घाईत मी भोक बुजवलं अन् काटा तसाच आत ठेवला. एकोणीस वर्षं पंक्चर काढणारी बाई मी! पोरासोरांना सांगते की आधी टायरात आतून बोट फिरवा, काटा हुडका, मग ट्यूब बघा. स्वतःवरच इतकी संतापले की रस्त्याच्या कडेला बसून स्वतःला मोठ्यानं शिव्या दिल्या. मग टायरात बोट फिरवलं. बोटाला रक्त आलं तेव्हा काटा सापडला.

सव्वाचार वाजले होते. शेवटचे नट पिळत होते अन् फोन वाजला. बॅटरी एक टक्का. पलीकडून मंजुश्री मॅडम, मागं मोठा गलका.

"पंचफुलाताई, कुठे आहात तुम्ही? बाकीचे पुढे गेलेत."

"चाकूरला येऊन राहिले, मॅडम!" मी ओरडून सांगितलं.

"काय? चाकूरला राहिलात?"

"हाव, चाकूरला येऊन राहिले!"

"बरं बरं, ठीक आहे ताई. काळजी घ्या." अन् फोन बंद पडला. मला वाटलं, किती चांगली बाई, काळजी घ्या म्हणाली.

चाकूर मागं टाकलं तेव्हा पाच वाजत होते. चाळीस किलोमीटर अन् अडीच तास. मी हिशोब केला अन् मग हिशोब करायचं सोडून दिलं. डबा रिकामा होता, पाणी संपत आलं होतं, तळहाताला फोड आले होते. दिवस मावळला, दिवा लावला. ट्रक जवळून गेला की सायकल झोकांडी खायची. मी आरतीचं नाव घेऊन पायडल मारत होते असं म्हटलं तर खोटं होईल. मी अण्णारावांचं नाव घेत होते. 'तुम्ही लोकं' म्हणून एक पायडल, 'काटक' म्हणून दुसरं. रागावर माणूस किती लांब जाऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

लातूरला एका मंगल कार्यालयाच्या पटांगणात शेवटचं टेबल होतं. मी आत शिरले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून एकवीस मिनिटं झाली होती. पोरं टेबलावरच्या कापडाची घडी करत होती. मंजुश्री मॅडमनी मला बघितलं अन् त्यांच्या हातातला पेन खाली पडला.

"ताई! तुम्ही इथे कशा आलात?"

"कशा म्हंजे? सायकलीवर. शिक्का मारा लवकर."

"पण तुम्ही तर चाकूरला राहिलात ना? मी तुमचं नाव कमी केलं." त्यांनी यादी दाखवली. माझ्या नावावर लाल रेघ, समोर लिहिलेलं: 'चाकूरला राहिल्या.' "तुम्ही स्वतःच सांगितलंत. मी दोनदा विचारलं."

"मी कुठं राहिले? मी येऊन राहिले!"

"तेच म्हणते मी. चाकूरला येऊन तिथेच राहिलात."

"अहो राहिले न्हाई! येऊन राहिले! म्हंजे येऊनच राहिले ना मी!"

आता मात्र मी खरंच भांडत होते. त्या बिचाऱ्या घाबरून एकेक पाऊल मागं सरकत होत्या. बाजूला पाण्याचे जार भरणारा लातूरचा बसवंत हसत हसत खालीच बसला. "मॅडम," तो म्हणाला, "आमच्याकडं येऊन राहिले म्हंजे येत आहे. थांबले न्हाई. त्या वक्ताला त्या सायकलीवर व्हत्या."

मंजुश्री मॅडमचा चेहरा असा पडला की माझा राग अर्धा तिथंच गेला. त्यांनी घड्याळ बघितलं, अहमदपूरच्या शिक्क्यावरची वेळ बघितली, लाल रेघेवर सही केली, अन् कार्डावर धाडकन शिक्का मारला. वेळ लिहिली, सात चोवीस. सहा मिनिटं शिल्लक. वर माझे दोन्ही हात धरले अन् म्हणाल्या, "माफ करा ताई." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

मी इकडंतिकडं बघितलं. "अण्णाराव कुठं हायत? पटका बांधलेले म्हातारे, संगं पोरगी?"

बसवंत म्हणाला, "ते चार वाजल्यापासून इथंच बसले व्हते. यादीवर राहिल्या म्हणून लिहिलेलं त्यांनी मघाशी वाचलं. पोरगी लई रडली. म्हणत व्हती, मावशी थांबत नसते. ते आत्ता गेले स्टँडवर. पावणेआठची नांदेड गाडी हाय."

स्टँड अडीच किलोमीटर. बसवंत म्हणाला, मोटारसायकलीवर सोडतो. मी आधीच सायकलीवर बसले होते. आज दिवसभर जिच्यावर बसले तिच्यावरूनच त्यांच्यासमोर जायचं होतं मला. दोनशे किलोमीटर मी त्यांच्या अटीवर गेले. ते अडीच माझे होते, अन् खरं सांगते, सगळ्यात अवघड तेच गेले. सिग्नलला पाय टेकवला की परत उचलेना.

गाडी फलाटावर होती, इंजिन सुरू. तिसऱ्या खिडकीत मला पटका दिसला. पलीकडं आरती, तोंड दुसरीकडं केलेलं. मी सायकल खिडकीखाली टेकवली अन् पत्र्यावर थापा मारल्या. मग कार्ड वर धरलं. मला खूप बोलायचं होतं. वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं. पण छातीत श्वासच नव्हता.

अण्णारावांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. कार्ड दिव्याकडं धरून एकेक शिक्का बघितला. आरती खिडकीशी येऊन "मावशी, मावशी" करत होती, अर्धी हसत अर्धी रडत.

"त्यांनी तर राहिल्या म्हणून लिवलं व्हतं," ते म्हणाले.

"मी चाकूरला येऊन राहिले म्हणलं. त्या पुण्याच्या बाईला कळलं न्हाई."

"त्यात काय न कळायला? येऊन राहिले म्हंजे येऊन राहिले!"

"मग तुमी का उठून आलात, अण्णाराव?" मी म्हणाले. आवाज मोठा नव्हता, नव्हताच शिल्लक. "तिला आपली बोली ठाऊक न्हाई. तुमाला हाय. मी असं चाकूरला बसकन मारीन व्हय? एका शब्दानं तरी ईचारायचं की ती नेमकं काय बोलली. पन तुमच्या मनात आधीपासूनच व्हतं, न्हाई झेपायचं."

बोट फिरवलं अन् काटा हाताला लागावा, तसं झालं. कंडक्टर दार लावायला आला.

"व्हय," अण्णाराव म्हणाले. "मनात व्हतं. पोरीबद्दल बी तसंच." मग चष्मा काढला. "त्या दिशी मी लोकं म्हणलो. चुकलं माझं. लोकं बिकं काई न्हाई. तुमी काटक हायत, सिस्टर. तुमी."

मला एकदम फार थकल्यासारखं वाटलं, अन् मी सायकलीच्या दांडीला धरून तशीच उभी राहिले.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. तो साधा फोन, पलीकडचं अख्ख्या गाडीला ऐकू येतं. सिंधु होती. तिला आरतीनं मघाशीच रडत कळवलं होतं.

"मामा," ती हुंदके देत विचारत होती, "सिस्टर चाकूरला राहिल्या म्हणं? मग आमच्या आरतीचं बी आता राहिलं का?"

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. अण्णारावांनी खिडकीतून माझं कार्ड माझ्या हातात दिलं, अन् फोनमध्ये इतक्या जोरानं ओरडले की माझा आवाज त्यापुढं काहीच नाही.

"कोनाचं काय राहिलं न्हाई! ते कांदे खाली घे आन् सायकलीत हवा भरून ठेव. मंगळवारपासून पोरगी कॉलेजला जाऊन राहिली!"